पुढे काय वाचायचं ते चिठ्ठी काढून ठरवलं तर चालेल का?

माणदेशी:
नमस्कार मंडळी. मी पतसंस्थेत नोकरी करते आणि सोबत राज्यसेवेची तयारी चालू आहे. अभ्यासाला वेळ मिळतो तो पहाटे आणि संध्याकाळी घरी आल्यावर. अडचण अशी की पुस्तकं समोर घेऊन बसलं की आज काय घ्यायचं यातच बराच वेळ जातो, इतिहास घेतला की वाटतं अर्थशास्त्र मागे पडतंय, अर्थशास्त्र उघडलं की वाटतं पर्यावरणाला तर हातच लावला नाहीये, आणि शेवटी जे आवडतं ते म्हणजे राज्यशास्त्रच पुन्हा पुन्हा वाचलं जातं. वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं पण मार्च एंडची गडबड आली की एक दिवस चुकतो आणि मग पुढचं सगळंच घसरतं.

धाकट्या बहिणीने सुचवलं की विषयांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाक आणि रोज एक काढ. करून बघितलं आणि खरंच मजा येते, चिठ्ठी उघडताना थोडी धाकधूक असते आणि जे निघेल ते मुकाट्याने वाचायला घेतलं जातं. पण आई म्हणते एवढ्या मोठ्या परीक्षेचा अभ्यास असा नशिबावर सोडतात का. कोणी असं केलंय का? आणि काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची की बाजूला ठेवायची? नको असलेला विषय निघाला तर दुसरी काढायची का?

उजळणी_वही:
ताई, चालेल की, पण पहिलं वाचन चिठ्ठीने करू नका. ते क्रमानेच हवं. अर्थशास्त्रात राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे काय ते कळलेलं नसताना राजकोषीय तुटीची चिठ्ठी निघाली तर उपयोग काय, तूट मोजतात जीडीपीच्या टक्क्यात आणि जीडीपीच माहीत नाही, मग नुसतं पाठ करणं होतं. एकदा सगळं वाचून झालं की मात्र उजळणीला चिठ्ठीसारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः याच पद्धतीने उजळणी केली आणि आता सरकारी नोकरीत आहे.

दुसरं, चिठ्ठीवर विषय लिहू नका, मुद्दा लिहा. "इतिहास" अशी चिठ्ठी निघाली तर इतिहासातलं काय हा प्रश्न परत उभाच. माझ्या चिठ्ठ्या अशा असायच्या: "प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज, आर्य समाज" तिन्ही एकाच चिठ्ठीवर, कारण 1867, 1873, 1875 ही सालं आणि त्यामागची माणसं डोक्यात एकमेकांत मिसळतात. किंवा "महाराष्ट्रातल्या पंचायत राज समित्या". ही चिठ्ठी निघाली की पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर लिहायचं, वसंतराव नाईक 1960, बोंगिरवार 1970, बाबूराव काळे 1980, पी. बी. पाटील 1984, आणि प्रत्येकीने काय शिफारस केली ते आपल्या शब्दांत, जेवढं आठवेल तेवढंच. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. खरा अभ्यास त्या लाल पेनाच्या ओळींत होतो, कारण आपल्याला येतंय असं वाटत असतं आणि येत नसतं ते तिथेच दिसतं. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीये, 1750 गुण सगळे लिहून मिळवायचे आहेत, त्यामुळे कोऱ्या कागदावर लिहायची सवय दुप्पट कामाला येईल.

चालू घडामोडी आणि सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेतला आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर, डब्यात टाकू नका. ते रोजचं रोज.

गणितवाले_सर:
चिठ्ठी परत टाकायची का हा प्रश्न फार चांगला विचारलाय, कारण यात बरेच जण फसतात. समजा डब्यात 12 चिठ्ठ्या आहेत आणि काढलेली चिठ्ठी तुम्ही दरवेळी परत टाकताय. 12 वेळा काढल्यावरही एखादी ठरावीक चिठ्ठी, म्हणजे समजा पर्यावरणाची, एकदाही न निघण्याची शक्यता 11 भागिले 12 याचा बारावा घात, म्हणजे जवळजवळ 35 टक्के! आणि दुसरी एखादी तोवर तीनदा निघून गेलेली असते. म्हणून दोन डबे ठेवा. काढलेली चिठ्ठी दुसऱ्या डब्यात, पहिला रिकामा झाला की सगळ्या परत पहिल्यात. असं केलं की क्रम नशिबाचा राहतो पण सुटत काहीच नाही. आईंना हे दाखवा, त्यांची अर्धी काळजी इथेच मिटेल.

मी दहावीला गणित शिकवतो आणि वर्गात फासा वापरतो. भाग 1 मध्ये प्रकरणं बरोबर सहा आहेत, रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी, त्यामुळे एक फासा पुरतो. आधी सगळी प्रकरणं क्रमाने शिकवून होतात आणि मग उजळणीच्या तासाला मुलांनी फासा टाकायचा, जो आकडा येईल त्या प्रकरणातलं एक गणित फळ्यावर, पुन्हा फासा, पुन्हा दुसरं. सरावसंच सोडवताना मुलाला आधीच माहीत असतं की या पानावर सगळी वर्गसमीकरणंच आहेत, त्यामुळे कुठली रीत लावायची हा विचारच करावा लागत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच विचार करावा लागतो. फाशाने तो रोज करावा लागतो.

यावर प्रयोगही झालेत. डग रोहरर आणि केली टेलर यांचा 2007 चा आहे, कॉलेजच्या मुलांना काही घनाकृतींचं घनफळ काढायला दिलं, एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग आणि दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची 89 टक्के बरोबर आणि मिसळवाल्यांची 60, पण आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले 20 टक्क्यांवर आणि मिसळवाले 63 वर. म्हणजे ताई, चिठ्ठ्यांनी अभ्यास करताना काही दिवस आपण मागे पडतोय असं वाटेल, घाबरून सोडू नका.

नको ते निघालं तर दुसरी काढू नका. तेवढी सवलत घेतली की थोड्याच दिवसांत पुन्हा राज्यशास्त्रच वाचताना सापडाल. फार तर एवढं करा की नको असलेल्या मुद्द्याला कमी वेळ द्या, पण द्या.

शिस्तप्रिय:
मला आईंचं म्हणणं पटतं. सगळे मुद्दे सारख्या वजनाचे नसतात, एखाद्यावर दरवर्षी प्रश्न येतात आणि एखादा वर्षानुवर्षे फिरकतच नाही, आणि चिठ्ठीला दोन्ही सारखेच. शिवाय परीक्षा तोंडावर आली की आपलं कच्चं काय ते हेरून तेच करायला हवं, तेव्हा डबा माळ्यावर ठेवून द्यावा.

उजळणी_वही:
@शिस्तप्रिय शेवटच्या महिन्याबद्दल सहमत, तेव्हा कच्च्या मुद्द्यांची यादीच समोर हवी. वजनाचं मात्र सोपं आहे, महत्त्वाच्या मुद्द्याच्या दोन चिठ्ठ्या करायच्या. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसलं की कशाच्या दोन आणि कशाची एक हे एका दुपारी ठरतं.

वाचनवेडा:
मी परीक्षावाला नाही, चाळिशी ओलांडलेला नोकरदार माणूस आहे, तरी लिहितो कारण विषय जिव्हाळ्याचा आहे. परीक्षा नसताना काय शिकायचं हे ठरवणं जास्त अवघड असतं, कोणी विचारणारं नसतं आणि माणूस आपल्या त्याच त्या आवडीच्या गोष्टींत फिरत राहतो. आमच्या घरी मराठी विश्वकोशाचे काही खंड आहेत, वाईहून निघालेले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखालचे. पहिला खंड 1976 चा. ते खंड अकारविल्हे आहेत, विषयवार नाहीत, म्हणून रविवारी सकाळी मुलीला डोळे मिटून पान उघडायला सांगतो आणि जी नोंद येईल ती आठवडाभराचा विषय. एखाद्या धातूची नोंद असते आणि तिच्या शेजारी एखादा संत किंवा परदेशातली नदी. मग त्यावर अजून काय मिळतं ते शोधायचं, मराठी विकिपीडियावरही अविशिष्ट लेख म्हणून दुवा आहे, दाबला की कुठलाही लेख समोर येतो, पण तिथे बरेच लेख दोन ओळींचे निघतात म्हणून मला विश्वकोशच बरा वाटतो. तो आता ऑनलाइन फुकट वाचता येतो, ज्यांच्याकडे खंड नाहीत त्यांनी जरूर बघा. मुलगी सातवीत आहे आणि शाळेत जे कधी आलंच नसतं असं किती तरी तिला यातून माहीत झालंय, याचं मला फार समाधान आहे.

माणदेशी:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन डब्यांचं लगेच पटलं, आईलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली मग ठीक आहे. इतिहास आणि राज्यशास्त्राचं पहिलं वाचन झालंय त्यामुळे तेवढ्याच चिठ्ठ्या आधी करते, अर्थशास्त्र संपलं की त्याच्या घालीन. पण सर, मुद्दे काढायला बसले तर चिठ्ठ्या खूपच होतायत, सगळ्या कापून घड्या घालत बसण्यात रविवार जाईल, काही सोपं आहे का?

गणितवाले_सर:
तांबोळ्याचा सेट असेल ना घरात? त्यात 1 ते 90 नंबरच्या सोंगट्या असतात. वहीत मुद्द्यांची यादी करा, प्रत्येकाला नंबर द्या आणि पिशवीतून सोंगटी काढा, निघालेल्या सोंगट्या बाजूला ठेवायला पाटी सोबत येतेच त्यामुळे दुसरा डबाही नको. मुद्दे 90 पेक्षा कमी भरले तर उरलेले नंबर वर सांगितलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना दुसऱ्यांदा देऊन टाका.