मदत हवी आहे: घरासमोरच्या खांबावर अँटेना, शुक्रवारपर्यंत हरकत घ्यायचीय

गवतीचहा:
परवा खांबाला नोटीस बांधलेली दिसली. अँटेना बसवणार म्हणे. आमच्या बेडरूमच्या खिडकीपासून वीस फूटसुद्धा नसेल. सिटीला मेल केली, तर "अर्ज नियमात बसतो" एवढंच उत्तर. शेजारणीने ४० सह्या जमवल्यात, सगळ्या रेडिएशनच्या मुद्द्यावर. शुक्रवारी मुदत संपतेय. हे थांबवता येतं का? वकील परवडणार नाही. प्लीज लवकर सांगा.

मिरजकर:
नगरसेवकाला गाठा. आयुक्तांना निवेदन द्या, पोच घ्यायला विसरू नका. आमच्या गल्लीत टॉवर येणार होता तेव्हा आम्ही सगळे वॉर्ड ऑफिसात जाऊन बसलो होतो.

खटपट्या:
मिरजकर, "सिटी" म्हणतायत म्हणजे अमेरिका असणार. गवतीचहा, राज्य कुठलं? खांब लाकडी की लोखंडी? नोटिशीचा फोटो टाका.

गवतीचहा:
हो हो, कॅलिफोर्निया, बे एरिया. खांब साधाच आहे हो. फोटो अपलोड होत नाहीये.

खटपट्या:
साधा म्हणजे? तारा ओढलेला लाकडी असेल तर तो बहुधा वीज कंपनीचा किंवा सामाईक, सिटीचा नव्हे. दिव्याचा असेल तर बहुधा सिटीचा. मालक कोण यावर बरंच अवलंबून आहे.

बे_वाला:
आधी ते रेडिएशन सोडा. १९९६ चा टेलिकम्युनिकेशन्स कायदा आहे. अँटेना एफसीसीच्या (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) रेडिएशन मर्यादेत असेल तर त्या कारणावरून सिटीला अर्ज नाकारताच येत नाही. सह्या ४० असोत नाहीतर ४०००. उलट सुनावणीत सगळे रेडिएशनवरच बोलले तर कंपनीला कोर्टात आयता मुद्दा मिळतो. फार तर मर्यादेत असल्याचा अहवाल अर्जाला जोडलाय का ते विचारा.

सुगरण७१:
कायदा काहीही म्हणो, टॉवर आल्यापासून आमच्याकडच्या चिमण्या गेल्या.

बे_वाला:
ताई, चिमण्यांचा वेगळा धागा काढा ना.

खटपट्या:
बे_वाला, तुमचं अर्धंच बरोबर. सिटीचे हात अगदी बांधलेले नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय की दिसण्याच्या कारणावरून सिटी अटी घालू शकते. म्हणून बोलायचं ते जागा, आकार, उपकरणांच्या पेटीतल्या पंख्याचा आवाज यावर. एफसीसीच्या "छोट्या" अँटेनाच्या व्याख्येत सोबतची उपकरणं २८ घनफुटांपर्यंत चालतात. म्हणजे चांगला मोठा फ्रीज! पेटी जमिनीखाली घाला किंवा पुढचा खांब घ्या, असं मागा. आणि तुमच्या सिटीचा स्वतःचा नियम वाचा, त्यात घरापासूनचं अंतर असेल तर तोच पकडा.

बे_वाला:
मागतील हो, पण घड्याळ चालू असतं. एफसीसीच्या २०१८ च्या आदेशाने सिटीला अर्जावर निर्णय द्यायला आधीपासून उभ्या खांबासाठी ६० दिवस, नव्या खांबासाठी ९०. शिवाय सिटीची फी अशा एका अँटेनामागे वर्षाला २७० डॉलर. त्याहून जास्त घ्यायचे तर सिटीने खर्च दाखवायचा.

मिरजकर:
२७० डॉलर?? आपल्याकडे टेलिकॉम नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीत शहरातल्या खांबाला वर्षाला ३०० रुपये ठरवले होते. तुमचं बरं चाललंय.

डोंगरातला:
आमच्याकडे पाठवा तो खांब. गच्चीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही.

गवतीचहा:
भांडू नका प्लीज. आत्ता खाली जाऊन बघून आले. दिव्याचा खांब आहे, लोखंडी, नंबरची पट्टीपण आहे. पुढचा खांब बागेच्या कोपऱ्यावर, तिथून कुठलंच घर जवळ नाही.

खटपट्या:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! दोन्ही खांबांचे नंबर, खिडकीपासून टेपने मोजलेलं अंतर आणि दोन फोटो. "अर्ज नामंजूर करा" म्हणू नका, "त्या खांबावर न्या" म्हणा. सह्यांचा कागद नवा करा, त्यात रेडिएशन शब्द नको.

गवतीचहा:
शेजारीण चिडणार. बरं, आम्ही भाड्याने राहतो, लीज ऑगस्टपर्यंत आहे. चालेल ना?

खटपट्या:
नोटिशीच्या तळाशी हरकत कोण घेऊ शकतो ते लिहिलेलं असतं. "रहिवासी" असेल तर चालेल. "मालक" असेल तर आज रात्रीच घरमालकाला फोन लावा.

गवतीचहा:
तळ फाटलाय.