मदत हवी आहे : हरियाणातून आणलेल्या म्हशी मुंबईच्या तबेल्यात वेगळ्या कुठे आणि कशा ठेवायच्या?

नमस्कार. गोरेगावला आमचा म्हशींचा तबेला आहे. आबा व्यवहार बघतात, हिशेब आणि डॉक्टर माझ्याकडे. दिवाळीनंतर रोहतक-जिंदकडून मुऱ्हा म्हशी मागवायच्या आहेत. त्याआधी जाणकारांशी बोलायचं आहे, कारण गेल्या हंगामात जे झालं ते पुन्हा सोसायची ताकद आमच्यात नाही.

इथल्या तबेल्यात म्हैस वाढवत नाहीत, विकत आणतात. ताजी व्यायलेली यायची, वेतभर दूध द्यायची, आटली की जायची आणि तिच्या दाव्याला दुसरी बांधायची. त्यामुळे हरियाणा, मेहसाणा, सौराष्ट्र, सगळीकडून जनावर वर्षभर येतच असतं. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे साध्या ट्रकमध्ये सहाच मोठी जनावरं भरायची आणि सोबत डॉक्टरचा दाखला हवा. आमचे कागद नेहमी चोख असतात. पण दाखल्यावरून एवढंच कळतं, की त्या दिवशी म्हैस धडधाकट दिसत होती. लाळ्या-खुरकूत, म्हणजे तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा साथीचा आजार, अंगात शिरल्यावर फोड दिसायला दोन ते चौदा दिवस लागू शकतात, आणि गाडी त्याच्या आत गुजरातच्या हद्दीवरचं तलासरी ओलांडून इथे पोचलेली असते.

गेल्या वेळी तसंच झालं. नवीन आलेल्यांपैकी एकीच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या, चारा तोंडात धरेना. मग शेजारची, मग ती सगळी रांग लंगडायला लागली. मोठी म्हैस सहसा दगावत नाही, पारडं मात्र पटापट जातात. दूध जे उतरतं ते त्या वेतात पुन्हा तेवढं चढत नाही. लाखाच्या वर मोजून आणलेल्या म्हशीचं ते वेत गेल्यातच जमा. लस झाली आहे असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं, कानात बिल्लेही होते.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली. तो जास्त करून गायींचा आजार, म्हशींना कमी होतो, तरी सगळं सरकार जागं झालं. लाळ्या-खुरकूत मात्र आपण दर हंगामाचं दुखणं म्हणून चालवून घेतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत तो १९८८ नंतर पहिल्यांदा सापडला, तोही बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका छोट्या कळपात. अख्खा कळप मारला, आणि कित्येक देशांनी जर्मनीचा माल थांबवला. आपल्याकडे कळप मारा असं मी म्हणत नाही. पण हा आजार काय किमतीचा आहे, हे तिथे त्यांनी ओळखलंय.

आता अडचण. नवीन जनावर तीन आठवडे वेगळं ठेवा, असं प्रत्येक डॉक्टर सांगतो. कुठे ठेवू? एक छप्पर, समोरासमोर दोन रांगा, मधून एक नाली, एक हौद, आणि तेच गडी सगळ्यांची धार काढणार. आबा म्हणतात, व्यायल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिनेच खरे दुधाचे, त्यातले तीन आठवडे घालवून हप्ते कसे भरायचे? त्यांचं म्हणणं खोटं नाही. तीन-चार तबेलेवाल्यांनी मिळून वसई किंवा भिवंडीकडे एखादी शेड भाड्याने घ्यावी, असं माझ्या मनात आहे. कुणी असं केलंय का? आणि शेड होईपर्यंत आहे त्याच जागेत काय करता येईल?

प्रतिसाद (पशुवैद्य)

ताई, शेडची कल्पना चांगली आहे, पण एक अट पाळा. आत सगळ्या एकदम जायच्या, बाहेरही एकदमच निघायच्या. एकाची गाडी आज आणि दुसऱ्याची आठवड्याने, असं झालं तर तीच शेड चारही तबेल्यांना आजार वाटेल. एक खेप निघाली की शेण काढायचं, धुवायचं, वाळू द्यायचं, मगच पुढची.

धुताना फिनाईलवर विसंबू नका. तबेल्यात सर्रास तेच ओततात, पण या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. धुण्याचा सोडा घ्या, दहा लिटर पाण्याला चारशे ग्रॅम. आधी शेण खरवडून काढा, नाहीतर सोडाही वाया जाईल.

लस गाडीत चढवायच्या दिवशी दिली तर प्रवासात काही उपयोग नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका. बिल्ल्याचा बारा आकडी नंबर सौद्याआधी मागा, भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदीत लसीची तारीख बघता येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या घरच्या म्हशींची लस गाडी यायच्या महिनाभर आधी झालेली असू द्या. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती दर सहा महिन्यांनी फुकट मिळते. घटसर्पाची (जनावरांचा गळा सुजवणारा आजार) लस पावसाळ्याआधी द्या, प्रवासाने थकलेल्या म्हशीला तो लवकर गाठतो.

आहे त्या जागेत : नवीन म्हशी नालीच्या खालच्या टोकाला बांधा, म्हणजे त्यांचं पाणी इतरांकडे वाहणार नाही. पाण्याची बादली वेगळी. धार सगळ्यांच्या शेवटी काढायची, आणि तो गडी हातपाय धुतल्याशिवाय जुन्या रांगेत यायचा नाही. तोंड आणि खूर रोज बघा.

ब्रुसेलाबद्दल (गाभण जनावराचा गर्भ पाडणारा, माणसालाही लागणारा आजार) तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. व्यायल्याच्या सुमारास केलेली रक्ततपासणी कधी कधी चुकून चांगली येते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी परत करा. व्यायल्यावर पडणारा जार (वार) उघड्या हाताने ओढू देऊ नका. ब्रुसेलाचा ताप माणसाला महिनोन्‌महिने सोडत नाही.

प्रतिसाद (वसई)

आम्ही दोन घरं मिळून अशी शेड चालवतो. तीन आठवड्यांचं दूध फुकट जात नाही, इथेच सुटं विकलं जातं, फक्त घेणाऱ्याला उकळूनच वापरायला सांगतो. जुन्या तबेल्यात ते दूध किंवा त्याचे कॅन परत नेत नाही. भाडं जनावरामागे ठरवा, घरामागे नको, नाहीतर दुसऱ्याच खेपेला वाद होतात.

धागाकर्ती

डॉक्टर, वसईकर, मनापासून आभार. दूध तिथेच विकता येतं हे वाचून दाखवल्यावर आबा पहिल्यांदाच शेडबद्दल नीट बोलायला तयार झाले. सोड्याचं आजच गड्यांना सांगितलं, आणि हातमोज्यांचंही.

एक गोष्ट अजून अडते आहे. शेडमध्ये एकाच्या म्हशीला फोड आले आणि त्यामुळे सगळ्यांचाच मुक्काम लांबला, तर वाढीव भाडं आणि चारा कुणी सोसायचा? आधी लिहून न घेता चार घरं एकत्र आली तर पहिल्या आजारालाच मोडतील असं वाटतं. वसईकर, तुमच्या दोन घरांत हे कसं ठरवलंत? कागद केला असेल तर त्यातली कलमं इथे टाका. आणि गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या कुणाला यात उतरायचं असेल तर दिवाळीच्या आत लिहा, म्हणजे गाड्यांच्या तारखा एकत्र लावता येतील.