सल्ला हवा: जिनिंगचा जुना युनिक्स प्रोग्राम विंडोजवर न्यायचाय

जिनवाला_चोपडा
नमस्कार मंडळी. चोपड्याजवळ आमचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. नव्वदच्या दशकात मोठ्या काकांनी एका ओळखीच्या मास्तरांकडून काटापट्टीचा प्रोग्राम लिहून घेतला. सी भाषा, एससीओ युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. भुईकाट्याचं वजन सिरियल केबलने येतं, शेतकऱ्याचं नाव, गाव, भाव टाकला की डॉट मॅट्रिक्सवर पट्टी. मुनीमजी कीबोर्डकडे न बघता चालवतात.
तो संगणक आता आचके देतोय. सोर्स कोड सीडीवर शाबूत आहे. विंडोज ११ वर कसं न्यावं? तयार सॉफ्टवेअर घ्या म्हणू नका, दोन बघून झाली. एकाला खंडी म्हणजे काय तेच माहीत नाही. दसऱ्यानंतर गाड्या सुरू होतील, तोवर झालं पाहिजे.

तापीकाठ
डब्ल्यूएसएल २ घ्या. विंडोजच्या आतच खरा लिनक्स कर्नल (गाभा), त्यात कंपाइल करा, म्हणजे कोडातून चालणारा प्रोग्राम बनवा. काम संपलं.

धुळेकर_७४
मी म्हणेन कोडला हातच लावू नका. जुनी डिस्क उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) टाका.

लोकोशेड_भुसावळ
तापीकाठ, काटा विसरलास भो. डब्ल्यूएसएल २ ला विंडोजचा कॉम पोर्ट (सिरियल केबलची जोडणी) थेट दिसतच नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर असेल तर तो वेगळ्या प्रोग्रामने आत ओढावा लागतो, आणि गेटवर ट्रॅक्टरांची रांग असताना ती जोडणी सुटली तर मुनीमजी काय करतील? धुळेकरांचा उपाय चार महिने चालेल, पण उद्या पट्टीत एक रकाना वाढवायचा तर परत तिथेच.
माझं मत सिगविन. १९९५ पासून चालत आलंय, युनिक्सच्या हाका विंडोजच्या भाषेत सांगणारा दुभाष्या समजा. कॉम १ तिथे टीटीवाय-एस-० या नावाने उघडतो, म्हणजे कोडात पोर्टचं नाव तेवढं बदलायचं. पडद्यावर मेनू रंगवायला एन-कर्सेस ही लायब्ररी आहे. फॉर्क (चालत्या प्रोग्रामची दुसरी प्रत काढणं) तिथे फार मंद चालतो हे खरं, पण पट्टी छापायला एकदा फॉर्क झाला तर कुणाला कळणार आहे?
आधी नुसतं कंपाइल करून बघा, काय रडतंय ते इथे टाका.

जिनवाला_चोपडा
केलं. शे-दीडशे चुका. बहुतेक ठिकाणी फंक्शन आधी जाहीर केलं नाही अशी तक्रार.

लोकोशेड_भुसावळ
घाबरू नका. २०२४ च्या जीसीसी १४ या कंपायलरपासून ती नुसती सूचना न राहता चूक धरली जाते. मास्तरांचा काळ वेगळा होता. कंपायलरला जीएनयू ८९ चा मोड (सी ची जुनी पद्धत) द्या, बराचसा गोंगाट थांबेल. पण सूचना वाचायच्या, झाकून ठेवायच्या नाहीत.

जिनवाला_चोपडा
चालू झाला! मेनू तोच, जसाच्या तसा. मुनीमजी हसले. पण पट्टीवर तारीख यायच्या वेळी धाडकन बंद.

तापीकाठ
लोकलटाइम हे तारखेचं फंक्शन वापरलंय आणि टाइमची हेडर फाइल घेतलेली नाही, पैज लावतो. जाहीर न केलेलं फंक्शन इंट (पूर्णांक) परत देतं असं कंपायलर धरून चालतो. ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) सारख्याच मापाचे, म्हणून निभावलं. ६४ बिटवर पॉइंटरचं वरचं अर्धं कापलं जातं.

जिनवाला_चोपडा
पैज जिंकलात, केळी पाठवतो. आता शेवटचं दुखणं. जुनी डेटा फाइल उघडली की पहिलं नाव आठ अक्षरं कापून येतं, पुढे सगळा गोंधळ. रेकॉर्डमध्ये दोन लाँग पूर्णांक (पट्टी नंबर, तारीख), नाव-गाव मिळून ६८ अक्षरं, मग वजन आणि भाव दोन डबल (दशांशाचे आकडे).

लोकोशेड_भुसावळ
फाइलच्या आकाराला ९२ ने भाग जातो का बघा. जाईलच. जुन्या यंत्रावर लाँग ४ बाइटचा, म्हणून ८, ६८ आणि १६ मिळून ९२. ६४ बिट सिगविनमध्ये लाँग ८ चा, शिवाय डबल आठाच्या पटीवर बसायला मध्ये ४ बाइट मोकळे सोडतात. झाले १०४.
दोन्ही लाँग काढून ३२ बिटचे ठरीव इंट करा आणि रेकॉर्डच्या स्ट्रक्चरला पॅक ४ लावा, म्हणजे डबल चाराच्या पटीवरही बसेल. नुसते इंट बदलले तर ९६ होतील, तिथेच लोक फसतात. आणि हे सगळं फाइलच्या नकलेवर करा. मूळ फाइलला अजिबात हात लावू नका.

अहिरानी_पोऱ्या
वाचीसन डोकं गरम व्हयनं, पन भारी शे भो!

जिनवाला_चोपडा
९२ बरोबर. १९९८ ची पट्टी उघडली, काकांच्या स्वतःच्या शेताची निघाली. आता प्रिंटर राहिलाय. प्रोग्राम थेट एलपी या छपाईच्या कमांडला मजकूर ढकलतो.

तापीकाठ
सिगविनमध्ये एलपीआर मिळेल, विंडोजच्या प्रिंटरला पाठवतं. कोडात तो एक शब्द बदला. कागद लांब सरकत असेल तर पानाची लांबी तपासा.