जॉब ‘हँग’ झाला: खोळंबला, रखडला, तुंबला की कोंडी?

(बोलणारे तिघं, आपापल्या गावाच्या नावाने.)

रत्नागिरी : आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. रात्री ठेवींवर व्याज लावायचा जॉब खाती आठ थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या आठ धाग्यांत, वाटून चालतो. अधूनमधून तो संपतच नाही. रात्रपाळीचा मुलगा वहीत ‘जॉब हँग’ एवढंच लिहितो. मराठीत एकच शब्द ठरवायचा तर कोणता?

वेंगुर्ला : एकच ठरवलात तर वही असून नसल्यासारखी. सीपीयू शून्याजवळ असेल तर सगळे कशाची तरी वाट बघतायत: खोळंबला. सात थ्रेड मोकळे आणि एकच राबतोय तर रखडला. बहुतेक मोठी खाती त्याच्याच वाट्याला आलीत. खाती सारखी वाटून भागत नाही हो, व्यवहार मोजून वाटा. आणि येणारं काम उपशापेक्षा जास्त असेल तर तुंबला. ३१ मार्चला दुसरं काय होतं?

चिपळूण : डेडलॉकला, म्हणजे एकमेकांनी धरलेल्या वस्तूसाठी दोघं कायमचे अडून बसतात त्याला, मात्र ‘कोंडी’च. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी. क्रॉसिंगला गाडी थांबते तो खोळंबा, समोरची गेली की सुटतो. कोंडी आपणहून सुटत नाही. एका थ्रेडने बचत खातं लॉक करून (दुसऱ्याला हात लावता येऊ नये म्हणून धरून) कर्जखातं मागायचं, दुसऱ्याने नेमकं उलट. संगणकशास्त्रज्ञ कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये याच्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकालाच, हातातली न सोडता दुसरी मागणं, हिसकावून घेता न येणं आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ. एक मोडली तरी पुरे. खाती कायम क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लॉक केलीत तर वर्तुळच होत नाही.

रत्नागिरी : पण कोंडी डेटाबेस स्वतः फोडतो ना?

चिपळूण : त्याच्या घरातली. पोस्टग्रेस हा डेटाबेस, सेटिंग बदललं नसेल तर, १ सेकंद वाट बघून तपासतो आणि कोंडी असेल तर एक व्यवहार रद्द करतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या लॉकची कोंडी कोणी फोडत नाही, पण जेस्टॅक या जावाच्या साधनाने काढलेल्या थ्रेड डंपमध्ये (कोणता थ्रेड त्या क्षणी कुठे आहे त्याची नोंद) ती स्पष्ट लिहून येते. खरी डोकेदुखी मिश्र कोंडीची. एक थ्रेड जावाचा लॉक धरून डेटाबेसच्या ओळीसाठी थांबलाय, दुसरा ती ओळ धरून त्याच लॉकसाठी. अर्धं वर्तुळ इकडे, अर्धं तिकडे. जावा आणि डेटाबेस दोघांनाही ते पूर्ण दिसत नाही. तिथे डंप आणि डेटाबेसची लॉकयादी शेजारी ठेवून माणसालाच बघावं लागतं.

वेंगुर्ला : डंप थोड्या अंतराने दोन-तीन घ्या. राबणारा थ्रेड पुढे सरकतोय का ते त्यातच कळतं.

रत्नागिरी : आणि लाइव्हलॉक? दोघं एकमेकांसाठी मागे सरतात, पुन्हा एकदमच पुढे येतात. सीपीयू तापलेला, काम शून्य.

वेंगुर्ला : ‘घुटमळला’ लिहा की!

चिपळूण : झकास. त्या मुलाला एवढं सांगा, जॉब मारण्याआधी डंप घे, आणि परत चालवण्याआधी किती खात्यांना व्याज लागून गेलंय ते बघ. नाहीतर त्यांना दोनदा लागायचं.