घासलेलं सगळं वाया जात नाही रे
प्रीक्लिनिकल (डॉक्टरकीचा वॉर्डाआधीचा पुस्तकी भाग) संपलं की सगळं विसरायला होतं, मग एवढं घासलं कशाला असं तू म्हणतोयस, तर माझंही आत्ताच संपलंय आणि मला जरा वेगळं वाटतंय. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, मी वीसेक वेळा तरी काढला असेल, सी ५ ते टी १ अशी कण्यातून निघणारी मुळं धरून, आणि दरवेळी पोस्टिरियर कॉर्डला (त्यातल्या मागच्या जुडग्याला) येऊन अडकायचो. परवा वॉर्डात एक काका, खुर्चीच्या पाठीवर हात टाकून रात्रभर झोपले म्हणे, मनगट नुसतं लोंबतंय, पंजा वर उचलताच येईना, आणि डोक्यात आपोआप रेडियल नर्व्ह, मनगट वर उचलणारी नस!! तीच ती, पोस्टिरियर कॉर्डवाली. बायोकेमचं मात्र तुझं खरंय, क्रेब्स सायकल (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या क्रियांची साखळी) परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच उडाली (दुःखही नाही). डिसेक्शनच्या मृतदेहांना लावतात त्या फॉर्मलिनचा वास तेवढा ॲप्रनमधून अजून जात नाहीये.