एकाच टाकीत वेगवेगळे कॅटफिश: सातारा-सांगलीकरांनो, आपापले अनुभव लिहा

मंडळी, माशांच्या दुकानात कॅटफिशबद्दल (मिशावाले, बहुतेक टाकीच्या तळाशी राहणारे मासे) विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "घ्या की, खालची घाण खातोय, वेगळं काय घालायला नको." या वाक्याच्या भरवशावर आपल्याकडे कितीतरी मासे उपाशी मेलेत. म्हणून हा धागा. कुठले कॅटफिश एकत्र ठेवलेत, टाकी केवढी, पाणी नळाचं की बोअरचं, कोण कोणाला पुरून उरलं, ते लिहा. "मस्त आहेत" एवढ्यावर भागवू नका.

सुरुवात मी करतो. विश्रामबाग, सांगली. चार फुटी टाकी. ब्राँझ कोरीडोरसचा (थोडक्यात कोरींचा) घोळका, एक ब्रिसलनोज आणि काही अपसाइड डाउन. सगळे तळाचेच, तरी भांडण नाही, कारण जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंनी नळाच्या वेळा वाटून घ्याव्यात तसं यांनी जागा आणि वेळ वाटून घेतलीय. कोरी दिवसभर वाळू उकरतात. ब्रिसलनोज लाकूड खरवडतो. अपसाइड डाउन त्याच लाकडाखाली पोट वर करून लटकलेले असतात, आणि दिवा गेल्याशिवाय जेवायला बाहेर पडत नाहीत. त्यामुळं खाणं दोनदा घालावं लागतं: संध्याकाळी तळाला बसणाऱ्या गोळ्या, आणि दिवा बंद केल्यावर पुन्हा थोड्या. एकदाच घातलं तर कोरी सगळं फस्त करतात. ब्रिसलनोजला काकडीची चकती वेगळी.

घेताना एक बघा. अपसाइड डाउन म्हणून जे पिल्लू देतात ते पुष्कळदा फेदरफिन असतं. काँगोच्या खोऱ्यातला खरा अपसाइड डाउन चार इंचांच्या आसपास थांबतो, फेदरफिन फूटभर होतो आणि जागेवरून दादागिरी करतो. खऱ्याचं पोट पाठीपेक्षा काळं असतं. उलटा पोहतो, म्हणून वरून दिसणारी बाजू गडद.

शाहूपुरी, सातारा:
आमच्याकडं फक्त कोरी, पण दोन जातींच्या. पेपर्ड आणि ब्राँझ. दोन्ही एका टाकीत गुण्यागोविंदानं राहतात, मात्र विश्रांतीला आपापल्या जातीतच जातात. "दोन हे, दोन ते, दोन पलीकडचे" असा मिसळीचा हिशेब कोरींना चालत नाही, प्रत्येक जातीचे निदान सहा तरी हवेत. पेपर्डला थंडावा मानवतो, २२ ते २५ अंश. साताऱ्यात त्यामुळं बरं चाललंय. सांगलीच्या मे महिन्यात मी पेपर्ड ठेवणार नाही, तिथं स्टर्बाय जातीचा कोरी घ्यावा, तो उष्णता जास्त सोसतो.
आणि खाली बारीक, गोल कणांची वाळूच हवी. धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात, मग खाणं शोधणंच जमत नाही. आमच्या सौ. रांगोळीच्या चाळणीनं वाळू चाळून देतात, त्या चाळणीवरून घरात झालेलं महाभारत वेगळं.

मिरज:
मेहुण्यांनी 'शार्क' आणले होते, चंदेरी, बोटाएवढे. तो पंगस. मेकाँग नदीतला मासा, मीटरभराच्या वर जातो. पाच फुटी टाकीतसुद्धा दार वाजलं की घाबरून काचेवर आदळायचा आणि खालच्या कोरी सैरावैरा व्हायच्या. शेवटी सिमेंटचा मोठा हौद असलेल्या एकांना दिला. रेडटेल कॅटफिशचंही तेच, शिवाय त्याच्या तोंडात मावेल ते सगळं त्याचं जेवण, मग शेजारी कॅटफिश असो की आणखी कोणी.

गावभाग, सांगली:
२०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खालचा मजला पाण्यात, वीज कित्येक दिवस नाही. फिल्टर बंद, बॅटरीवरचा एअर पंप सेल संपेपर्यंत चालला. नंतर मी मगनं पाणी वरून ओतत बसायचो, तेवढीच हवा. एंजल आणि बार्ब हे मासे गेले. कोरी आणि सकर (काचेला तोंडानं चिकटणारा कॅटफिश) राहिले. कोरी वर येऊन हवेचा घोट घेतात, ती हवा आतड्यातून रक्तात जाते. सकरच्या पोटाचंही काम तसंच. एरवीही कोरी मधूनच वर झेपावून येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सगळ्याच एकसारख्या वर-खाली करू लागल्या तर पाणी बिघडलंय असं समजा.
त्या दिवसांत खाणं पूर्ण बंद ठेवलं होतं. बंद फिल्टरमध्ये घाण वाढवण्यापेक्षा उपास बरा.

कऱ्हाड:
सकरचा विषय निघालाच आहे तर. दोन इंचाचा घेतात, तो दीड फूट होतो. मोठा झाला की शेवाळापेक्षा गोळ्यांवर डोळा, आणि रात्री एंजलसारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो. ब्रिसलनोज पाच-सहा इंचांत थांबतो, तोच घ्या. मात्र दोन नर ठेवायचे तर दोन गुहा हव्यात, त्याही लांब लांब.
मोठा झालेला सकर काय करायचा विचारलं की कोणीतरी हमखास सांगतं, "प्रीतिसंगमावर सोडून या." दादा, तसलं करू नका! आंध्र, केरळ, बंगालच्या पाण्यात हा मासा पसरलाय. काठात बिळं करतो, जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळी फाडतो. परत दुकानात द्या, फुकट द्या, पण नदीत नको.

वाई:
आमच्या पोरानं नदीतला शिंगटा आणला, म्हणाला, "पप्पा, ह्यो पण कॅटफिशच की, कोरींबरोबर ठेवूया." कोरींना काही झालं नाही, गप्पी मात्र रात्री कमी होत गेल्या. शेवटी शिंगटा जिथला तिथं सोडला. तो इथलाच, त्यामुळं वरच्या दादांनी रागावू नये.
जाळीनं काढताना काटा जाळीत अडकला. कोरी काय, शिंगटा काय, पाठीचा आणि बाजूचा काटा ताठ करून ठेवतात. ओढलं तर मोडतो. जाळीऐवजी प्लॅस्टिकच्या डब्यानं काढावं. हाताला काटा लागलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात धरायचा, वेदना उतरते. सूज वाढली तर डॉक्टर.

विश्रामबाग (धागाकर्ता):
वाईकर, डब्याचं पटलं. औषधांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. माशांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की दुकानदार मूठभर मीठ आणि निळं-हिरवं औषध देतो. कोरींच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्या असतात, शिंगट्याच्या अंगावर तेही नाही. यांना मीठ आणि तांब्याची औषधं सोसत नाहीत, कमी मात्रेनं सुरुवात करा.
ओटो (शेवाळ खाणारे छोटे कॅटफिश) कोणी ठेवलेत का? मला हवेत, पण मागवायचं धाडस होत नाही.

शाहूपुरी, सातारा:
आहेत आमच्याकडं. बहुतेक नदी-ओढ्यांतून पकडून आणलेले असतात, वाटेत उपाशी असतात. नव्या चकचकीत टाकीत टिकत नाहीत. काचेला शेवाळ धरू द्या, मग आणा. दुकानात काचेला चिकटलेला असताना पोट बघा. आत गेलं असेल तर घेऊ नका, पिशवी बांधून झाली असली तरी.