‘सस्पेंडेड ॲनिमेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : गोळी लागून किंवा भोसकले जाऊन अतिरक्तस्राव झालेल्या आणि हृदय थांबलेल्या रुग्णाचे शरीर अतिशय थंड करून शस्त्रक्रियेसाठी वेळ मिळवण्याच्या अमेरिकेतील प्रयोगाविषयी एका लेखाचे भाषांतर करत आहे. ‘सस्पेंडेड ॲनिमेशन’साठी मी ‘गोठवणे’ लिहिले. संपादकांनी ते बदलून ‘शीतनिद्रा’ केले. मला दोन्ही खटकतात. आपण काय सुचवाल?

प्रतिसाद : दोन्ही शब्द चुकीचेच आहेत. पाणी शून्य अंशाला गोठते. या उपचारात महाधमनीतून बर्फासारखे थंड सलाइन सोडून, म्हणजे बहुतांश रक्ताची जागा त्याला देऊन, शरीराचे तापमान १० ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवले जाते, तेव्हा बर्फ होण्याचा प्रश्नच येत नाही. शीतनिद्रा ही बेडकाची. तीत हृदय सहसा मंदावते, पण थांबत नाही. येथे हृदय आधीच थांबलेले असते. एरवी प्राणवायूवाचून मेंदूला पाचेक मिनिटांत इजा होऊ लागते; थंड पेशींची प्राणवायूची गरज अगदी कमी झाल्यामुळे सर्जनला जखम शिवायला सुमारे दोन तास मिळतात, आणि मग रुग्णाला पुन्हा ऊब देऊन हृदय चालू करण्याचा प्रयत्न होतो.

शब्दशः ‘निलंबित’ म्हणावे, तर तो आपल्याकडे सरकारी कर्मचारी असतो. मला ‘तहकूब’ अधिक जवळचा वाटतो, कारण तहकूब सभा पुन्हा भरवायची असते, हे त्या शब्दातच गृहीत आहे. ‘प्राणतहकुबी’ मात्र विनोदी होईल. ‘जीवनक्रिया तहकूब ठेवणे’ असे वाक्यातच लिहावे.

मुळात या प्रयोगाचे प्रमुख, मेरीलँड विद्यापीठाचे सॅम्युअल टिशरमन, यांनाही तो इंग्रजी शब्द विज्ञानकथेतला वाटतो. ते ‘इमर्जन्सी प्रिझर्वेशन अँड रिससिटेशन’ म्हणतात. त्याला ‘तातडीचे जतन व पुनरुज्जीवन’ हा प्रतिशब्द सरळ आणि पुरेसा आहे.

दुसरा प्रतिसाद : ‘तहकूब’ पटले. पण थंड करण्याच्या क्रियेला काय म्हणायचे, याचाही विचार व्हावा. जखमी माणूस रस्त्यावर आपोआप थंड पडत गेला, तर रक्त नीट साकळत नाही आणि रक्तस्राव वाढतो. म्हणून अपघात विभागात एरवी त्याला उबदार ठेवण्याची धडपड असते. हृदय थांबल्यावर मुद्दाम थंड करणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. दोन्हींना सरसकट ‘हायपोथर्मिया’ म्हटले की वाचक गोंधळतो. मराठीत मात्र सोय तयार आहे : पहिला रुग्ण गारठतो, दुसऱ्याला गारठवतात. प्रयोजक रूपाने जे काम होते, त्यासाठी नवा संस्कृत शब्द कशाला घडवायचा?

आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘अंग गार पडले’ हा आपल्याकडे मृत्यूचा निरोप असतो, त्यामुळे हे वर्णन करताना तो वाक्प्रचार चुकूनही येऊ देऊ नये. थंड पडलेला माणूस मेलेलाच असतो असे नाही : १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या आना बोगेनहोल्म यांचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते आणि हृदय थांबले होते, त्या वाचल्या.

प्रश्नकर्ता : ‘गारठवणे’ घेतो. ‘हृदयविकाराचा झटका’ असेही मी दोन ठिकाणी लिहिले होते, तेथे आता ‘हृदयक्रिया थांबणे’ करतो. या रुग्णांच्या हृदयात विकार नसतोच, रक्तच उरलेले नसते.